बरं दिसतं का ते? रीतभात कशी बदलली, तुमचे अनुभव सांगा

परवा लेक म्हणाली, आई मावशीकडे जायच्या आधी मेसेज तरी कर, असं अचानक जाणं बरं दिसत नाही. आमच्या लहानपणी कळवून येणारा परका वाटायचा, आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या मग बाकी चौकशी. आता मीही फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाही. तुमच्याकडे काय काय बदललं ते मोकळेपणाने लिहा.

मी डब्याचं सांगते. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, ही आजीची शिस्त. नवीन सोसायटीत समोरच्या ताईंनी अळूवड्या दिल्या, मी डब्यात गूळ-शेंगदाणे घालून परत दिला तर त्या दारातच थबकल्या, म्हणाल्या, आई गेल्यापासून असा भरलेला डबा कुणी दिला नव्हता गं.

आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना नावाने हाक मारायची, साठीला आलेल्या साहेबांनासुद्धा. इंग्लिशमध्ये जमतं, पण मराठीत बोलायला लागलो की 'अहो, तुम्ही' आपोआप येतं आणि ते मला सोडायचंही नाहीये.

बाबा 2019 ला गेले. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आई आपणहून आत जाऊन बसली, दार लोटून वाणाच्या वाट्या पुसत होती. बाहेर सगळ्या तिळगूळ घेऊन गोड बोलत होत्या, आईला बोलवा असं एकीलाही वाटलं नाही, कारण न बोलवणं हीच रीत, आणि मीही गप्प राहिले. मग मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकी गावांना तसं करायला सांगितलं. ती बातमी आईला वाचून दाखवली, ती काहीच बोलली नाही, चष्मा पुसत राहिली. पुढच्या संक्रांतीला मी पहिलं कुंकू आईला लावलं. एक काकू न बोलता उठून गेल्या, वाईट वाटलं. पण माझ्या सासूबाई पुढे झाल्या, आईची ओटी भरली आणि म्हणाल्या, विहीणबाई, आता दरवर्षी इथे बाहेरच बसायचं.

माझी नात जर्मनीत वाढलीय, मराठी तोडकंमोडकं. एअरपोर्टवर निघताना "आजी, जाते" म्हणाली, दोन पावलं गेली, परत वळली आणि म्हणाली, "येते."