वाळवंटाचा पहिला अर्थ कोणता? वाळू, रेती आणि कोशाबाहेरची बोली

भीमाकाठ : 'वाळवंट' म्हटलं की आज थर, सहारा आणि उंट. माझं म्हणणं असं की या शब्दाचा मराठीतला जुना आणि अजूनही जिवंत असलेला अर्थ म्हणजे नदीकाठची वाळूची मोकळी जागा. शब्दकोशात तोच पहिला असला पाहिजे. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात, पुंडलिकाच्या देवळाभोवती जे पसरलं आहे त्याला वाळवंटच म्हणतात. 'खेळ मांडियेला वाळवंटी घाई, नाचती वैष्णव भाई रे' हा तुकोबांचा अभंग ऐकताना वारकऱ्याला राजस्थान आठवत नाही. पण भूगोलाच्या पुस्तकातून शब्द शिकलेल्या मुलाला नदीला लागून असलेली ही जागा निर्जळ वाटते. अर्थ नुसता बदलला नाही, उलटा झाला.

अर्थशोधक : नाही पटलं. शब्द कुठून निघाला ते सांगणं कोशाचं काम आहेच, पण पहिला अर्थ आज बहुतेक मराठी माणसं ज्या अर्थाने शब्द वापरतात तोच हवा. आणि हा अर्थ तर वाळूच्याही पलीकडे गेलाय. आपण लडाखला 'शीत वाळवंट' म्हणतो ते तिथल्या वाळूमुळे नव्हे. भूगोलात साधारणपणे वर्षाला २५० मिमीपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश म्हणजे वाळवंट. खुद्द सहाराचा मोठा भाग खडकाळ आणि गोट्यांचा आहे. पंढरपूरचा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर दिला तर वारकऱ्यांचं काय बिघडतं?

भीमाकाठ : वारकऱ्यांचं नाही, नदीचं बिघडतं. नदीच्या वाळूच्या पट्ट्याला स्वतःचं नाव होतं तोवर ती एक जागा होती, तिथे कीर्तन व्हायचं, यात्रा भरायची. नाव गेलं की उरतो तो फक्त 'वाळूसाठा'. सरकारी कागदात तोच शब्द येतो.

वैनगंगा : तुम्ही दोघंही वाळू वाळू करताय. आमच्या भंडारा-नागपूरकडे रेती म्हणतात. रेतीघाट, रेतीचा ट्रक, रेतीचोरी. पश्चिम महाराष्ट्रातले मित्र म्हणतात, हा हिंदीचा परिणाम. मग माहीमचं रेतीबंदर आणि मुंब्र्याचं रेतीबंदर कोणत्या हिंदीने वसवलं? सरकारलाही निवड करता आली नाही, धोरणाच्या नावातच 'वाळू/रेती' अशी तिरकी रेघ आहे. कोकणात समुद्राकाठी पुळण, गोव्याच्या कोंकणीत रेंव. यातला एकही शब्द दुसऱ्याची बोली आवृत्ती नाही. पुळण तर संस्कृत पुलिनाशी नातं सांगते.

गिलावा : मी बांधकामातला माणूस. कोशातला 'वाळू : दगडाचा बारीक चुरा' हा अर्थ साइटवर कामाचा नाही. गिलाव्याला बारीक वाळू, काँक्रीटला जाड. आमची वाळू म्हणजे ४.७५ मिमीच्या चाळणीतून पडते ती, भूशास्त्राची २ मिमीला संपते. आता नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड, म्हणजे यंत्रात दगड फोडून केलेली वाळू येते, तिलाही मिस्त्री वाळूच म्हणतो. माप ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. 'घाट' म्हणजे डोंगरातला रस्ता नाही आणि देवळाच्या पायऱ्याही नाहीत, लिलावाला निघालेला नदीचा तुकडा. आणि 'रॉयल्टी आहे का?' असं विचारलं तर त्याचा अर्थ गाडीसोबत वाहतुकीची पावती आहे का. लेखकाला मिळणाऱ्या मानधनाशी याचा काही संबंध नाही. हे सगळे अर्थ कोशात यायला हवेत. वाद पहिल्या क्रमांकाचा नाही, नोंद होण्याचा आहे.

नदीचीलेक : गिलावा, इथे मी ठाम विरोध करते. 'विना रॉयल्टी वाळू' हा शब्दप्रयोग चोरीला कागद राहून गेल्यासारखं रूप देतो. रात्री पात्रात सक्शन पंप लावून नदी पोखरतात, काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, आणि बातमीत येतं 'विना रॉयल्टी उपसा'. उपसा हा शब्दही विहिरीतला गाळ काढण्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं साफसफाई चाललीय. कोशाने ही भाषा प्रतिष्ठित करू नये.
'गौण खनिज'चंही तेच. १९५७ च्या खनिज कायद्यात बांधकामाची साधी वाळू गौण खनिजांत आहे, म्हणजे तिचे नियम राज्य सरकारने करायचे. गौण हे वर्गीकरण झालं. पण लोक त्याचा अर्थ 'फारसं महत्त्व नसलेलं' असा घेतात.

अर्थशोधक : नोंद म्हणजे प्रतिष्ठा नव्हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शिवराळ शब्दही आहेत, म्हणून तर तो आजही उपयोगी पडतो. 'वाळूत मुतलं, फेस ना पाणी' ही म्हण शाळेच्या यादीत नसते, तरी वाया गेलेल्या कष्टाबद्दल इतकं नेमकं दुसरं काही मला माहीत नाही. 'विना रॉयल्टी' नोंदवा आणि पुढे लिहा : बेकायदा वाळूसाठी वापरला जाणारा सौम्य शब्द. झाकलेला अर्थ उघडा करणं हेच कोशाचं काम.

खाडीकर : मग 'वाळूमाफिया'चीही अशीच टीप द्या. हा शब्द ज्याचे ट्रक आहेत त्याच्यासाठी निघाला, पण पकडला जातो तो गाढवावरून चार पाट्या नेणारा. आमच्या खाडीत डुबी मारून, हातपाटीने रेती काढणारे लोक आहेत. बुडी मारून बादली भरायची आणि होडीत रिकामी करायची. पंपवाला आणि डुबीवाला एकाच शब्दात कोंबणं अन्याय आहे.

नदीचीलेक : हे मान्य. 'डुबी' आणि 'हातपाटी' पहिल्यांदा नोंदवा, 'माफिया' मागून आला तरी चालेल.

वैनगंगा : आणि अर्थशोधक, वापरावरच क्रम ठरवायचा असेल तर 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' याचं काय करणार? वामन पंडितांनी भर्तृहरीच्या श्लोकाचं हे मराठी रूप केलं. श्लोकाचा रोख असा की एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाचं मन वळणार नाही. आज ही ओळ सर्रास 'प्रयत्न करा, यश मिळेल' म्हणून भिंतीवर लावतात. आता हाच पहिला अर्थ?

अर्थशोधक : एकटी ओळ आज त्या अर्थाने चालते, तर हो, तोच पहिला. श्लोकाचा अर्थ त्याखाली, संदर्भासकट.

भीमाकाठ : इथेच आपलं जुळत नाही. ओळीचा पुढचा भाग विसरला गेला म्हणून अर्थ फिरला, आणि विसरण्याला तुम्ही वापर म्हणताय. वाळवंटाचा जुना अर्थ तर विसरलाही गेलेला नाही. आषाढीला पंढरपुरात कुणालाही वाळवंटाची वाट विचारा, तो नदीकडेच हात करेल.