केस बसवलेत, धुताना खपल्यांबरोबर हातात येतायत. लवकर सांगा!

म्हापसेकर_शिफ्टवाला · शनिवार, रात्री 11:20
हेअर ट्रान्सप्लांट केलंय. आज डोकं धुतलं तर खपल्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर केसही. बेसिनमधले वेचून मोजले, त्रेचाळीस. काहींच्या टोकाला पांढरं बारीक काहीतरी आहे. म्हणजे मुळासकट गेले ना? क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅप केला तर "नॉर्मल आहे सर" आणि जोडलेले हात. फोन कोणी उचलत नाही. गणपतीच्या चवथीला आठ दिवस राहिलेत, घर माणसांनी भरणार. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

कुळागरातला · 11:34
कितवा दिवस? एफयूई, म्हणजे एकेक मूळ सुटं काढून, की कातडीची पट्टी काढून? किती ग्राफ्ट, म्हणजे लावलेली मुळं? कशाने धुतलं? हे काहीच न सांगता "गेले का" विचारताय. आम्ही काय ज्योतिषी?

घाण्याचं_तेल · 11:41
खपल्या ओढू नका. रात्री घाण्याचं खोबरेल कोमट करून थापा, सकाळी आपोआप सुटतील. आमच्या घरात चार पिढ्या हेच तेल, आजोबा नव्वदीत गेले तेव्हा डोकं भरलेलं होतं.

कुळागरातला · 11:45
आजोबांनी ट्रान्सप्लांट केलं होतं का?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 11:52
एफयूई, 2,400 ग्राफ्ट, पुढची रेषा आणि मधला भाग. गेल्या बुधवारी नाही, त्याच्या आदल्या बुधवारी. गोव्याबाहेर केलं. धुतलं त्यांनी दिलेल्या शांपूनेच. आता सांगा.

सुरंगीचा_वळेसर · रविवार, सकाळी 7:10
म्हणजे काल दहावा दिवस होता. मी परिचारिका आहे, त्वचारोगाच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली. डोळ्यांनी जे पाहिलंय तेवढंच सांगते, बाकी तुमच्या डॉक्टरांचं.

केस हातात आला म्हणजे ग्राफ्ट गेला असं नाही. ग्राफ्ट म्हणजे कातडीखालचं मूळ, वर दिसतो तो नुसता केस. आठदहा दिवसांत मूळ आत धरतं आणि वरचा केस सुटायला लागतो. खपली त्याला चिकटलेली असते, म्हणून दोघं जोडीने येतात. टोकाचं पांढरं ते बहुतेक वेळा मुळाभोवतालचं सुकलेलं आवरण असतं. खरा ग्राफ्ट उपटला तर टोकाला मांसल, ओलसर गोळी दिसते आणि त्या जागी रक्ताचा थेंब येतो. काल रक्त आलं का?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 7:25
नाही. काल अजिबात नाही.

अ‍ॅक्टिव्हा_ते_वेर्णा · 8:02
सुरंगीताईंना दुजोरा. माझं तीन वर्षांपूर्वी झालं. या विषयावर बर्नस्टीन आणि रासमन या दोन अमेरिकन डॉक्टरांचा 2006 चा अभ्यास आहे. त्यांनी दर दिवशी थोडे ग्राफ्ट मुद्दाम ओढून पाहिले. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघायचा. चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत निघायचा. नवव्या दिवसानंतर मात्र ओढूनही निघाला नाही. तेव्हा दहाव्या दिवसाचे त्रेचाळीस केस विसरून जा.

घाण्याचं_तेल · 8:15
अमेरिकेतल्या हवेत आणि आपल्या भाद्रपदातल्या दमटपणात फरक आहे की नाही?

सुरंगीचा_वळेसर · 8:31
आहे ना, आणि तो तेलाच्या विरुद्धच जातो. घाम, दमट हवा आणि वर तेलाचा थर, मग केसांच्या छिद्रांत पुळ्या. जखमा पूर्ण भरेपर्यंत तेल नको. काही डॉक्टर दोन आठवड्यांनंतर खपल्या मऊ करायला थोडं लावू देतात, पण ते त्यांनी डोकं पाहून सांगायचं. धाग्यावर बसून आपण नाही.

सत्तरीची_सून · 8:50
माझ्या दिराला चाई पडली होती, डाव्या कानामागे रुपयाएवढी. कांद्याचा रस रोज चोळला, तीन महिन्यांत केस आले. तुम्हीही करून बघा.

कुळागरातला · 8:58
वहिनी, चाई वेगळी, हे वेगळं. चाई पुष्कळदा आपली आपणच भरते आणि श्रेय कांद्याला जातं. ताज्या जखमेवर कांदा चोळला तर माणूस म्हापशाहून ओरडेल ते साखळीला ऐकू येईल.

नोकरी_पणजी · 9:15
खर्च किती आला हो? मीही विचार करतोय.

सुरंगीचा_वळेसर · 9:20
म्हापसेकर, "काल रक्त नाही" असं लिहिलंत. त्याआधी कधी आलं होतं का? आणि कामावर कधीपासून जाताय?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 9:48
कामावर सोमवारपासून. वेर्णाला कंपनी आहे, स्कूटरने जातो. हेल्मेट काढलं तेव्हा आतल्या कापडावर दोन लाल ठिपके होते. पण ते काही नाही, पुसून टाकले. माझा प्रश्न त्रेचाळीस केसांचा आहे.

अ‍ॅक्टिव्हा_ते_वेर्णा · 9:51
अरे बाबा!! पाचव्या दिवशी हेल्मेट??

सुरंगीचा_वळेसर · 10:05
हे आधी सांगायचं होतं. त्या त्रेचाळीस केसांची मुळं गेली नाहीत. गेले असतील तर ते दोन ठिपक्यांखालचे दोन-तीन ग्राफ्ट गेले असतील. 2,400 मध्ये ते दिसणारही नाहीत, त्याचं दुःख करू नका. पण हेल्मेट घालताना आणि काढताना पुढच्या रेषेवरच घासतं, आणि पाचवा दिवस म्हणजे मूळ अजून कच्चं. तुमच्या डॉक्टरांनी हेल्मेटबद्दल काय सांगितलं होतं?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 10:12
कागदावर "टाइट कॅप टाळा" होतं. हेल्मेटचा उल्लेख नव्हता. आणि विनाहेल्मेट गेलो तर पर्वरीला पकडतात.

मांडवीपलीकडे · 10:20
पर्वरीला पकडायला आधी गाडी हलली पाहिजे. त्या पट्ट्यात एवढा वेळ जातो की ट्रान्सप्लांटचे केस वाढून कापायला येतील.

कुळागरातला · 10:24
विनाहेल्मेट जाऊ नका हो, केसांपेक्षा डोकं महाग. बस पकडा, नाहीतर गाडीवाल्या सहकाऱ्याच्या मागे लागा. दोन आठवड्यांचा तर प्रश्न होता. मुळात सोमवारची सुट्टी का नाही टाकली?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 10:30
सुट्ट्या चवथीसाठी राखल्या होत्या.

फोंडेकर_भाट · 10:41
हे मात्र पटलं. चवथीची सुट्टी ती चवथीची सुट्टी.

सुरंगीचा_वळेसर · 10:55
आता जे विचारलं नाहीत तेही विचारते. डोक्याच्या मागे, जिथून केस काढले, तिथे काय परिस्थिती आहे? गोळ्यांचा कोर्स पुरा केलात?

म्हापसेकर_शिफ्टवाला · 11:20
मागे खाज आहे. चार-पाच पुळ्या आल्यात, दोनांत पू आहे असं बायको म्हणते. हेल्मेटची कड तिथेच बसते. अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद केली, पोटात जळजळत होतं. सूज होती पण कपाळावरून डोळ्यांवर उतरून चौथ्या दिवशी गेली, तेव्हा तर मी घाबरलोही नव्हतो.

अ‍ॅक्टिव्हा_ते_वेर्णा · 11:26
घाबरायचं तिथे घाबरला नाहीस आणि बेसिनमधले केस मोजत बसलास.

सुरंगीचा_वळेसर · 11:40
पू असेल तर उद्या सकाळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचेची ओपीडी आहे, नाहीतर म्हापशातच कोणाला दाखवा. मनाने उरलेल्या गोळ्या सुरू करू नका, कोणत्या आणि किती ते त्यांना ठरवू दे. ताप, वाढत जाणारी लाली, ठसठसणारी दुखरी जागा यांतलं काही असेल तर आजच जा. नख लावू नका, पुळी फोडू नका.

आणि धुण्याबद्दल. शॉवरखाली उभे राहत असाल तर थांबवा, त्या धारेचा जोर नको. तांब्याने ओता. शांपूचा फेस हातात करून नुसता टेकवायचा, चार-पाच मिनिटं राहू द्यायचा, मग बोटांच्या पेरांनी हलकेच. दहाव्या दिवसानंतर खपल्या अशा भिजवून काढायच्याच असतात, ठेवून द्यायच्या नसतात. तुम्ही ते बरोबरच केलंत. विहिरीचं पाणी वापरत असाल तर या दिवसांत गढूळ असतं, उकळून गार करून घ्या.

घाण्याचं_तेल · 11:52
तेलाने खाज थांबते एवढंच माझं म्हणणं.

नोकरी_पणजी · 12:03
खर्च?

फोंडेकर_भाट · 12:10
माझा वेगळा प्रश्न. ग्राफ्ट लावले कोणी, डॉक्टरांनी की टेक्निशियननी? नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून ही कामं सुरू करता येत नाहीत, रीतसर प्रशिक्षण लागतं. फोन न उचलणाऱ्या जागेबद्दल मला आधी तीच शंका येते.

म्हापसेकर_शिफ्टवाला · 12:22
डॉक्टर सुरुवातीला होते. नंतर मी पालथा होतो, कोण होतं दिसत नव्हतं. आता ते उकरून काय उपयोग? एवढंच सांगा, चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांचं छत, बांधायची असते, दरवर्षी मीच शिडीवर चढतो. चालेल ना? आणि चुलतभाऊ काजूची फेणी घेऊन येतो, तेही सांगा.

सुरंगीचा_वळेसर · 12:40
तोवर अठरावा दिवस उजाडेल, पुळ्या बसल्या असतील तर शिडीवर चढायला माझी हरकत नाही. पण नारळाची पेंड डोक्याच्या उंचीवर लोंबत असते, पुढची रेषा त्यावर आपटू नका. वजन दुसऱ्याला उचलू द्या, तुम्ही नुसत्या गाठी मारा. फेणीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिक चालू असेल तर माझं उत्तर नाही. सिगारेटला तर नाहीच, तिने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. समुद्र आणि तरणतलाव महिनाभर बंद.

आणखी एक, आत्ताच ऐकून ठेवा म्हणजे परत धागा काढणार नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दोनेक महिने लावलेले बरेचसे केस गळतील. दिवाळीला नरकासुर पाहायला जाल तेव्हा डोकं जवळपास आधीसारखंच दिसेल. तीन-चार महिन्यांनी बारीक कोंब येतात, होळी-शिगम्यापर्यंत फरक जाणवेल, खरा हिशोब पुढच्या चवथीला. बधिरपणाही काही महिने राहू शकतो.

टक्कल_झिंदाबाद · 1:05
मी 2011 पासून टकला आहे. तांब्याभर पाण्यात आंघोळ, शांपूचा खर्च शून्य, हेल्मेट कधीही.

म्हापसेकर_शिफ्टवाला · मंगळवार, रात्री 9:40
दाखवून आलो. मागच्या बाजूला छिद्रांचा संसर्ग, वरवरचा आहे म्हणाले. मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या, या वेळी पोटाचीही दिली. पुढचे ग्राफ्ट ठीक. त्यांनीही पहिला प्रश्न हेल्मेटचाच विचारला. आठवडाभर सहकाऱ्याच्या गाडीतून जातोय, तो सकाळी साडेसहाला घेतो आणि वाटभर भजनं लावतो. सुरंगीताई, देव बरें करूं. माटोळी या वर्षी भावाला सांगितलीय, मी खाली उभा राहून सूचना देणार.

कुळागरातला · 9:52
म्हणजे सगळ्यांत त्रासदायक माणूस तुम्हीच होणार.

नोकरी_पणजी · 10:15
खर्चाचं राहिलंच.