महाबळेश्वर-पाचगणीची घोडेसवारी: दहा मिनिटांचे फेरे बंद करून तासाभराची फेरी सुरू करावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
वेण्णा तलावावर पोरं दोन गोष्टींसाठी अडून बसतात, मक्याचं कणीस आणि घोडा. कणसाबद्दल माझी तक्रार नाही. घोड्यावर बसवायचं, घोडेवाल्याने लगाम धरून पळायचं, वळसा मारून दहा मिनिटांत परत. एक माणूस उतरतो न उतरतो तोच दुसरा वर. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) नीट कसलाय का, हे बघायलासुद्धा उसंत नाही.

बसणाऱ्याचे पाय बघा कधी. निम्म्या लोकांचा पाय टाचेपर्यंत रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) घुसलेला असतो. पाऊल चवड्यावर टेकवा, टाच खाली ठेवा, एवढंही कोणी सांगत नाही. घोडा बिथरला आणि माणूस पडला, तर पाय अडकून फरफटत जाणार. डोक्याला हेल्मेट? टोपी असते, ‘आय लव्ह महाबळेश्वर’वाली.

माझं मत असं: हे फेरे बंद करावेत. त्याऐवजी पॉइंटांकडच्या जुन्या पायवाटांवरून वाटाड्यासोबत तास-दीड तासाची फेरी असावी. घोडा चालतच न्यायचा, पळवायचा नाही. निघण्याआधी दहा मिनिटं शिकवायचं. हेल्मेट सक्तीचं, वजनाला मर्यादा. त्याचे पैसे दुप्पट-तिप्पट घ्या, देणारे देतील. सुट्टीत माणूस घोड्यावर बसतो तो रानातून जाण्यासाठी, गाड्यांच्या पार्किंगभोवती गोल फिरण्यासाठी नव्हे.

पसरणी घाट
कागदावर झकास आहे. मुंबईहून आलेली गाडी सकाळी आर्थर सीट करते, दुपारी स्ट्रॉबेरी-क्रीम, संध्याकाळी टेबल लँड, आणि रात्री घाट उतरून परत. या वेळापत्रकात दीड तास घोड्याला देणारं कुटुंब दाखवा मला.

आणि धंदा किती दिवस चालतो ते बघा. दिवाळी, डिसेंबरअखेर, मग एप्रिल-मे. पावसाळ्यात इथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तेव्हा कुत्रं फिरकत नाही. घोडा मात्र बाराही महिने खातो. चंदी म्हणजे दाणा, गवत, दीड-दोन महिन्यांनी नाल ठोकणाऱ्या नालबंदाचा खर्च. सीझनला दहा-दहा मिनिटांचे फेरे मारले तरच वर्ष निघतं.

रानजाई, सातारा
दोघांशीही असहमत. सवारीच बंद व्हायला हवी. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५मध्ये बेकायदा ठरवल्याच ना? शहराची हौस बंद होऊ शकते, तर इथली का नाही?

केंद्राच्या १९६५च्या नियमांत तट्टावर ७० किलोच ओझं लादता येतं. टेबल लँडवर उभं राहून मोजा, ७०च्या आतले किती बाप्ये दिसतात ते. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि आपण तलावाच्या काठावर लीद साचू देतो. पहिला वळीव पडला की ती कुठे जाते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

खरारा (पेशाने पशुवैद्यक)
रानजाईताई, एक दुरुस्ती. तो ७० किलोचा आकडा लादलेल्या ओझ्याचा आहे, बसलेल्या स्वाराचा नव्हे. पण तुमचा मुद्दा त्याने पडत नाही, उलट घट्टच होतो. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्के भार, खोगीर धरून, हा जगभर वापरला जाणारा अंदाज. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे ५० ते ६० किलो. नव्वद किलोचा माणूस कुठल्याच हिशेबात बसत नाही.

त्याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांहून, सलग पाच तासांहून जास्त काम नाही, आणि पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही, असंही आहे. शेवटचं कलम महाबळेश्वरात क्वचितच लागू पडेल, वाईत मात्र नक्की.

आता धाग्यात कोणी न काढलेली गोष्ट. चालीने चालणाऱ्या घोड्याला एका तासाचा त्रास कमी होतो, दिवसभर माणसं चढवण्या-उतरवण्याचा जास्त. डाव्या रिकिबीवर सगळा भार टाकून माणूस वर चढतो, तेव्हा खोगीर एका अंगाला ओढलं जातं आणि मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर घासतं. जखमा तिथेच दिसतात. खोगिराखालचं कापड उचलून बघा, केस गेलेला पांढरा चट्टा सापडेल. कमरेएवढा ओटा बांधून त्यावरून बसवलं, तर निम्मा त्रास वाचेल. त्याला कायदाही लागत नाही, की फार खर्चही.

कृष्णाकाठ (सांगली)
हेच म्हणतोय मी! लांब फेरी म्हणजे चढउतार कमी.
रानजाई, बंदी आली की घोडा विकला जातो. घेणारा कोण? वरातवाला. मग रात्री बारापर्यंत डीजेच्या भिंतीपुढे नाचवणार. ते चालेल?

रानजाई, सातारा
नाही चालणार. पण एक वाईट आहे म्हणून दुसरं चांगलं ठरत नाही.

तुमच्या रानवाटेचं सांगते. पठारावर जांभ्याच्या कातळावर वीतभरही माती नाही. पावसाळ्यानंतर त्यातच फुलं उगवतात. पश्चिम घाटासोबत २०१२मध्ये जागतिक वारशात गेलेल्या कासलाही असंच पठार आहे आणि तिथे आपण माणसांचे पायसुद्धा मोजून सोडतो. नाल ठोकलेल्या खुरांची रांग रोज त्याच वाटेने गेली, तर ती वाट पहिल्या पावसात ओहोळ होते. तुमचा नावडता फेरा निदान एकाच जागेची वाट लावतो. तुम्ही ती रानभर लावायला निघालात.

कृष्णाकाठ (सांगली)
पठार वगळा, जंगलातली मळलेली वाट घ्या आणि पावसाळ्यात बंद ठेवा. वन खात्याची परवानगी लागेल, हे मान्य.

मामाची पागा
माझ्या मामाची घोडी हाय तिथं, म्हणून बोलतो. सगळे घोडेवाल्याला शिकवताय, गिऱ्हाइकाला कोण शिकवणार? ऐंशी किलोचा माणूस सत्तर सांगतो. मामा म्हणतो चालीनं नेतो, तर हे म्हणतात पळवा की, व्हिडिओ काढायचाय. हेल्मेट दोन आणून ठेवली होती, बायामाणसं म्हणतात केस खराब होतात, आधी कुणी घातलं असंल. नाही म्हटलं की शेजारच्या घोड्यावर बसतात. एकट्यानं नियम पाळला तर पाळणाराच उपाशी.

आणि मारून-मुटकून चालवतो असं समजू नका. सकाळी आपण च्या प्यायच्या आधी घोडीचं अंग घासून खरारा होतो तिचा.

पसरणी घाट
म्हणूनच म्हणतो, नियम सगळ्यांना एकदम लावा आणि दर ठरवा. दर नसला की स्पर्धा फेऱ्यांच्या संख्येवर जाते.

खरारा
दर, हेल्मेट, वाटा यावर भांडत राहू. ओट्याला कोणाची हरकत आहे का?

रानजाई, सातारा
ओट्याला नाही. सवारीला आहेच.

मामाची पागा
ओट्याचं मामाला सांगतो डॉक्टर, दगडाला काय तोटा नाही इथं. पण वजनकाटा तुम्ही आणा, आणि गिऱ्हाइकाच्या बायकोसमोर त्याला त्याच्यावर चढा म्हणायला कृष्णाकाठवाल्यांना उभं करा.