सेंद्रिय बिअरला पर्यावरणपूरक जीवनशैलीत स्थान द्यावे का?

मृद्गंध (न्यूरेम्बर्ग)

भाजी, डाळी आणि दूध कुठून येते याची चौकशी करणारे आपल्यातील अनेक जण बिअरच्या बाबतीत मात्र काहीच विचारत नाहीत. आमच्या जवळच नॉयमार्क्ट येथे लाम्सब्रॉय नावाची जुनी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना आहे. तिचे तेव्हाचे मालक फ्रान्त्स एर्न्सपेर्गर यांनी १९८०च्या दशकात परिसरातील शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून सेंद्रिय बार्ली व हॉप्स (बिअरला कडवट चव देणारी वेलीची फुले) घेण्यास सुरुवात केली, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तेथील सगळीच बिअर सेंद्रिय आहे. आमच्या बव्हेरिया या जर्मन प्रांताच्या १५१६ मधील प्रसिद्ध शुद्धता कायद्याने बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते, पण ती बार्ली कोणत्या खतावर वाढली, हे तो कायदा विचारत नाही. माझ्या मते आज खरा प्रश्न तोच आहे. शेतात घातलेले जादा नत्र पावसाबरोबर झिरपून नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते, आणि हे प्रदूषण रोखण्यात कमी पडल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये जर्मनीला दोषी धरले. सेंद्रिय शेतीत कृत्रिम नत्रखताला बंदी असल्यामुळे अशी बिअर घेणे म्हणजे त्या परिसराच्या पिण्याच्या पाण्याची काळजी घेणे होय, असे मला मनापासून वाटते.

ताळेबंद (पुणे)

आपला हेतू चांगला आहे, पण हिशेब अपुरा आहे. अमेरिकेतील न्यू बेल्जियम या ब्रुअरीने २००८ मध्ये आपल्या सहा बाटल्यांच्या एका संचाचे कार्बन उत्सर्जन मोजून घेतले, तेव्हा ते सुमारे ३.२ किलो भरले. त्यात सर्वांत मोठा वाटा दुकानातील शीतकपाटांच्या विजेचा होता आणि त्याखालोखाल काचेचा. बार्ली व माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) त्यांच्यानंतर आले. म्हणजे शेत पूर्णपणे सेंद्रिय केले, तरी उत्सर्जनाचा मोठा भाग जसाच्या तसा राहतो. शिवाय सेंद्रिय बार्लीचे हेक्टरी उत्पादन कमी असल्याने तेवढ्याच बिअरसाठी अधिक जमीन लागते, आणि ही जमीन अन्नासाठी नव्हे, तर चैनीच्या पेयासाठी वापरली जाते.

मृद्गंध

काचेबद्दलचा आपला मुद्दा एकदाच वापरून टाकल्या जाणाऱ्या बाटलीचा आहे. जर्मनीत बिअरच्या साध्या बाटलीवर ८ सेंट अनामत घेतली जाते, ती बाटली परत जाते, धुतली जाते आणि पुनःपुन्हा भरली जाते. त्यामुळे आपली आकडेवारी इथे तशीच लावता येणार नाही. तसेच पर्यावरण म्हणजे केवळ कार्बन नव्हे. विहिरीत उतरलेले नायट्रेट कार्बनच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. मी आरोग्याचा दावा मात्र करत नाही. २०१६ मध्ये म्युनिकच्या एका पर्यावरण संस्थेला तपासलेल्या १४ जर्मन बिअरमध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचे अंश आढळले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. परंतु आरोग्याला धोकादायक मात्रा गाठण्यासाठी दिवसाला सुमारे १,००० लिटर बिअर प्यावी लागेल, असे तेथील सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने सांगितले होते. अशा भीतीवर सेंद्रिय बिअरचे समर्थन उभे करणे मला योग्य वाटत नाही.

रानवाट (कॅलिफोर्निया)

मला शिक्क्याच्या विश्वासार्हतेची चिंता वाटते. अमेरिकेत सेंद्रिय शिक्क्यासाठी ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात आणि बिअरमध्ये हॉप्सचे वजन फारच थोडे असते. पुरेसे सेंद्रिय हॉप्स मिळत नाहीत या कारणाने २००७ मध्ये हॉप्सना सूट मिळाली आणि ती २०१३ च्या सुरुवातीपर्यंत टिकली, म्हणजे बिअरच्या घटकांपैकी ज्या पिकावर सर्वाधिक फवारण्या होतात, तेच पीक रासायनिक असूनही बाटलीवर शिक्का दिसत असे. पुढे सेंद्रिय हॉप्स पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आग्रहामुळे ही सूट गेली, हे चांगले झाले. तरीही हॉप्सच्या पानांवर पडणाऱ्या केवडा या बुरशीसारख्या रोगासाठी सेंद्रिय मळ्यांतही ताम्रयुक्त औषधे फवारली जातात आणि तांबे मातीत साचत जाते. या गोष्टीची चर्चा समर्थकांनी टाळू नये.

मृद्गंध

तांब्याचा मुद्दा गंभीर आहे. रोगाला तोंड देणाऱ्या हॉप्सच्या जाती लावणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय दिसतो, आणि अशा जातींना मागणी निर्माण करण्याचे काम सेंद्रिय ब्रुअरीच करू शकतात. आपण सांगितलेल्या घटनाक्रमातून मला उलट आशाच वाटते, कारण नियम कडक झाल्यावरच त्या शेतकऱ्यांना हक्काचा ग्राहक मिळाला.

पाणवठा (छत्रपती संभाजीनगर)

बव्हेरियातील युक्तिवाद मराठवाड्यात जसाच्या तसा आणू नये, एवढी कळकळीची विनंती आहे. आमच्या वाळूज परिसरात बिअरचे कारखाने आहेत, आणि २०१६ च्या दुष्काळात लोकांना टँकरने पाणी मिळत असताना मद्यउद्योगाच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. एक लिटर बिअर तयार करताना कारखान्यात धुलाई, उकळणे आणि थंड करणे यांसाठी कित्येक लिटर पाणी खर्च होते, आणि बार्ली सेंद्रिय असली म्हणून त्यात एका थेंबाचीही बचत होत नाही. जिथे भूजल भरपूर आहे तिथे ते शुद्ध ठेवणे हा धर्म असेल, पण जिथे ते मुळातच नाही तिथे आधी ते कोणाला मिळावे, हे ठरवावे लागते. उद्या इथे कोणी सेंद्रिय बिअर विकायला आणली, तर बाटलीवर शिक्क्याशेजारी प्रतिलिटर किती पाणी लागले आणि ते कोणत्या धरणातून घेतले, हे छापले जावे. ते छापले जात नसेल, तर मी तिला पर्यावरणपूरक म्हणणार नाही.