ब्लूटूथ काढा आधी

लूप अ‍ॅपमध्ये आपण वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो अन् त्यावर दुसरा थर रेकॉर्ड करता येतो. अँड्रॉइडवर हा दुसरा थर पहिल्याच्या मागे का पडतो, असा प्रश्न आहे. अ‍ॅप बदलण्याआधी ब्लूटूथ हेडफोन काढा. त्यात आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर वाजवता, अन् थर तेवढाच मागे बसतो. तारेचा इयरफोन लावा. उरलंसुरलं अ‍ॅपच्या लेटन्सी (आवाजाचा उशीर) सेटिंगमध्ये जुळवा.

आमच्या अमरावतीकडच्या खंजिरी भजनासाठी मात्र लूप सरावापुरताच. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीला ८ मात्रांचा ठेका बरोबर ४ सेकंदांत बसतो, एवढा छोटा लूप चाल बसवायला झकास. पण मंडळात भजन रंगलं की लय चढतेच. खंजिरीवाला बुवांच्या तोंडाकडे पाहून वाजवतो, मोबाइल थोडीच पाहणार!