रस्ता झाला की उद्योग येतातच?

"रस्ता बांधा, उद्योग आपोआप येतील" असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. त्याच रस्त्याने लहान शहरातली हुशार पोरं मोठ्या शहरात निघूनही जातात.

डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो यांचं बघा. २००० साली ओरेसुंड पूल झाला आणि समुद्रापलीकडचं शहर रेल्वेने पाऊण तासाच्या आत आलं. पण माल्मोने पुलाची वाट बघितली नव्हती. १९९८ मध्येच तिथे उच्चशिक्षण संस्था सुरू झाली, आज ती विद्यापीठ आहे. पुढे बंद पडलेल्या जहाजबांधणी गोदीच्या परिसरात तिच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या गोदीची अजस्र क्रेन २००२ मध्ये एका डॉलरला दक्षिण कोरियात गेली. हो, एकाच!

तरी घोळ राहिलेच. राहायचं स्वीडनमध्ये, नोकरी डेन्मार्कमध्ये. चलनं दोन, करपद्धती दोन. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओळखपत्र तपासणी लावली, तेव्हा रोजच्या प्रवाशांना कोपनहेगन विमानतळाच्या स्थानकावर उतरून, रांगेत उभं राहून पुढची गाडी धरावी लागायची. एवढा पूल बांधून शेवटी फलाटावरच खोळंबा.