सांगली-मिरज रस्ता विश्रामबागेत ओलांडायचा कसा?

विश्रामबागकर:
परवा आईला घेऊन इथे रस्ता ओलांडत होते. आई 71 वर्षांची, गुडघे दुखतात. दुभाजकापर्यंत पोहोचलो आणि तिथेच अडकलो. पाऊलभर जागा, समोरून एसटी, मागून डंपर, आई माझा दंड घट्ट धरून उभी. वालचंद-विलिंग्डन कॉलेजची पोरं तर रोजच हा रस्ता ओलांडतात.
ओलांडायच्या जागी फूटपाथच्या उंचीचा सपाट पट्टा हवा, मध्ये थांबायला दीड-दोन मीटर जागा हवी आणि गाड्यांचा वेग ताशी 30 किलोमीटरपर्यंत उतरायला हवा. 30 ऐवजी 50 ने धडक बसली तर तिची ऊर्जा पावणेतीनपट होते. म्हातारं माणूस त्यातून उठत नाही.

मिरजेचा:
ताई, आईंची काळजी पटते. उंचवट्याला मात्र माझा विरोध. मिरजेच्या दवाखान्यांत पार कर्नाटकातून पेशंट येतात. गतिरोधकावर अँब्युलन्स आपटली की आतल्या माणसाचे काय हाल होतात, ते वडिलांच्या वेळी पाहिलंय. सिग्नल द्या, पोलीस उभा करा.

विश्रामबागकर:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, दादा. पण मी म्हणते तो आपल्याकडचा अर्धगोल गतिरोधक नव्हे. उंची फार तर 15 सेंटिमीटर, वर गाडीची चारही चाकं मावतील एवढा सपाट भाग, दोन्हीकडे लांब उतार. आणि पोलीस रात्री नऊला घरी जातो.

कापडवाला:
फूटपाथचं निघालंच आहे म्हणून सांगतो, रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे बाजारात फूटपाथला 2.5 मीटर मोकळी जागा लागते. मग गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? पार्किंग गेलं की धंदा बसतो. आधी पार्किंगची सोय करा, मग फूटपाथचं बोला.

रोज सायकलवर:
काका, मी मिरजेहून सायकलनं येतो. एका चारचाकीच्या जागेत आमच्या सहा-सात सायकली सहज लागतात, आणि आम्हीही गिऱ्हाईकच की. सांगली सपाट गाव, सायकलीला याहून सोयीचं कुठलं? तरी नुसते पट्टे मारलेला सायकल ट्रॅक मला नको. दुसऱ्या दिवशी त्यावर रिक्षा उभ्या असतात, मग ट्रॅक सोडून वाहतुकीत शिरावं लागतं आणि मागचा हॉर्न मारतो. खरा अडथळा घालून वेगळा करणार असाल तरच करा. नाहीतर ताई म्हणतात तसा गाड्यांचा वेग उतरवा, मग मी सगळ्यांच्या बरोबरीनं चालवीन.

मिरजेचा:
सपाट पट्टा कागदावर छान दिसतो. उतार मापात करणार कोण? ठेकेदार डांबर ओततो आणि जातो.

विश्रामबागकर:
ही भीती खरी आहे. म्हणून उंची आणि उताराची लांबी टेंडरमध्येच लिहून घ्यायची मागणी करू. बिल निघण्याआधी रिकामी अँब्युलन्स त्यावरून नेऊन बघू. तुम्ही आत बसाल?

मिरजेचा:
बसेन. स्ट्रेचरवर आडवा होऊन. पण सिग्नलची मागणी सोडणार नाही.